बाशिंग, गुडघा आणि मार्च एंडिंग

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारे २९ वर्षांचे, राहायला नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी अंबडच्या एमआयडीसीत. डिसेंबरात त्यांना पिंपळगाव बसवंतकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगी बँकेत, वडिलांची द्राक्षबाग. बघण्याचा कार्यक्रम झाला, मग कॉलेज रोडला दोघं निवांत भेटले. जमेल असं यांना वाटलं. मुलगी म्हणाली, "मार्चनंतर सांगते." वडील म्हणाले, "हंगाम उरकू द्या, मग बसून बोलू." इकडे घरात सिंहस्थ लागायच्या आत कार्य उरकायची घाई. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळते आहे म्हणताच यांनी गंगापूर रोडच्या एका लॉन्सला पन्नास हजार ॲडव्हान्स दिला आणि मित्रांच्या ग्रुपवर तारीख टाकली. एका नातेवाइकाच्या साखरपुड्यात मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचा भाचा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" हशा पिकला, कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो फिरत फिरत मुलीकडे पोचला. तिचा मेसेज आला: "हॉल बुक केलात असं कळलं. मला विचारलं नाहीत." त्यानंतर ती गप्प. विचारणा अशी: "ताई, या म्हणीचा नेमका अर्थ काय, ती आली कुठून आणि ती मला एवढी का झोंबली? मी माफी मागून गप्प बसू, की सरळ होकार-नकार मागून एकदाचा मोकळा होऊ?"

उत्तर:

आधी एक गोष्ट सांगते, रागावू नका. तुमच्या पत्रात मामा आणि त्यांची म्हण यांना दीड पान आहे, आणि मुलीला दोन ओळी. ती कोणत्या कामावर आहे हे मला कळलं. ती तुम्हाला का आवडली हे कळलं नाही. मामांवर जेवढा विचार केलात त्याच्या निम्मा तिच्या त्या मेसेजवर केला असतात, तर हे पत्र लिहायची वेळ कदाचित आली नसती. पण म्हणीचं विचारलंत, तर आधी म्हणीचंच बघू. उत्तराची वाटही तिथूनच जाते.

म्हण लग्नघरातली आहे. बाशिंग म्हणजे वधूवरांच्या कपाळावर बांधायचा दागिना. हल्ली मुंडावळ्या आणि बाशिंग यांची सरसकट गल्लत होते. मुंडावळ्या म्हणजे कपाळावरून आडव्या जाऊन दोन्ही कानांशी लोंबणाऱ्या मोत्यांच्या किंवा फुलांच्या सरी. बाशिंग उभं असतं, मुकुटासारखं: खाली पुठ्ठा, त्यावर बेगड, जर, मणी, कागदी फुलं, आणि दोन्ही टोकांना बांधायच्या दोऱ्या. शहरातल्या लग्नांत मुंडावळ्यांनी बाशिंगाला मागं सारलं असलं, तरी मेनरोडकडच्या लग्नसाहित्याच्या दुकानात मागितलंत तर मिळेल. बाशिंग चढलं की माणूस त्या दिवसापुरता नवरदेव झाला, असा त्याचा मान. म्हणून तर ज्याचं लग्न लांबत जातं त्याचं 'बाशिंगबळ जड' आहे असं आपल्याकडे म्हणतात.

आता असा एक नवरदेव डोळ्यांसमोर आणा, ज्याला हे कपाळावर चढेपर्यंत दम निघत नाही. तो ते हाताशी येईल तिथं, म्हणजे गुडघ्यालाच बांधून बसतो. चित्र हास्यास्पद आहे, आणि हसवण्यासाठीच ते काढलेलं आहे. म्हणींचा कोणताही कोश उघडलात तर अर्थ सापडेल: अतिशय उतावळेपणानं वागणं. (आपल्या गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. मामांवर चिडून संध्याकाळ घालवण्यापेक्षा तिथं जाऊन कोश चाळणं बरं.) निवडणुका आल्या की वर्तमानपत्रंही 'तिकिटासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले इच्छुक' असं बिनदिक्कत छापतात. तिथं लग्नही नसतं आणि नवराही नसतो, तरी वाचणाऱ्याला चित्र लगेच कळतं.

पण गुडघाच का? कोपर का नाही, मनगट का नाही? इथून पुढचा अर्थ माझा आहे, कोशातला नव्हे. पटला तर घ्या. बाशिंगाची गाठ डोक्याच्या मागं येते. स्वतःचं स्वतः ते नीट बांधता येत नाही, मागं दुसरं कुणीतरी उभं लागतं. कुणाकडे बहीण बांधते, कुणाकडे मामा. त्या माणसानं बांधायचं, आपण मान सरळ धरून उभं राहायचं, एवढंच नवरदेवाचं काम. मांडी घालून बसलेल्या माणसाला स्वतःच्या दोन्ही हातांनी, कुणाचीही वाट न बघता जिथं गाठ मारता येते, ती जागा म्हणजे गुडघा. मनगटालाही एका हातानं गाठ मारणं जड जातं, करून पाहा. म्हणून मला वाटतं, या म्हणीत नवऱ्याच्या वेगाला कुणी हसत नाही. जे दुसऱ्याच्या हातून व्हायचं ते त्यानं एकट्यानंच उरकलं, याला हसतात.

आता तुमचं प्रकरण यावर लावून बघा. लग्नाची इच्छा असणं यात उतावळेपणा नाही. मुलगी आवडली, लवकर व्हावं असं वाटलं, यातही नाही. लॉन्सवाल्याकडे नुसती चौकशी केली असतीत, तर तीही शहाणपणाचीच म्हटली असती, कारण यंदा तारखा खरंच कमी आहेत. फसलं ते एका जागी. 'लग्न कधी' हे दोघांनी ठरवायचं होतं, ते एकानं ठरवलं. आणि 'लग्न करायचं का' हे तर अजून एकीनं सांगायचंच होतं. तिनं नेमकं हेच लिहिलंय, तुम्ही ते वाचलं नाहीत. तिची तक्रार "एवढी घाई कशाला?" अशी नाही. "मला विचारलं नाहीत" अशी आहे.

म्हण झोंबली का, याचं उत्तरही इथंच आहे. मामांनी खोटं सांगितलं असतं तर तुम्ही हसून सोडून दिलं असतं. भाच्याची थट्टा करणं हा मामाचा हक्कच आहे. लग्नात तुमच्या पाठीशी उभे राहणारही तेच. व्हिडिओ काढणाऱ्याला अक्कल नव्हती हे मान्य. पण तुमचं दुखणं मामांपासून सुरू झालेलं नाही. ते लॉन्सच्या पावतीपासून सुरू झालं, मामांनी फक्त त्याला नाव दिलं.

आता तुमच्या घरची घाई. इथं मी तुमच्या आईची बाजू थोडी घेणार आहे, कारण ती घाई हवेतून आलेली नाही. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ, त्यात लग्नं करत नाहीत. आषाढी एकादशी २५ जुलैला, तिथून चातुर्मास. चातुर्मास संपायच्या आधीच ३१ ऑक्टोबरला त्र्यंबकेश्वर आणि रामकुंडावर ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू. गुरू सिंह राशीत असताना लग्न-मुंज टाळायची ही जुनी रीत, आणि नाशकात ती इतर गावांपेक्षा जास्त पाळली जाणार, कारण ज्या कुंभासाठी देश लोटतो तो आपल्याच दारात भरतो. तेव्हा तुमच्या आईनं कॅलेंडर हातात घेतलं, बोटांवर मोजलं आणि त्यांच्या पोटात गोळा आला. समजण्यासारखं आहे.

पण ही रीतही ऐकतो तितकी एकसाची नाही. सिंहस्थातल्या विवाहनिषेधाला शास्त्रकारांनीच सीमा घालून दिलेली आहे: गोदावरीच्या दक्षिणेला आणि भागीरथीच्या उत्तरेला हा दोष लागत नाही, असा आधार आहे. आता गंमत बघा. तुमचं इंदिरानगर गोदेच्या दक्षिणेला, तुम्ही पैसे भरलेलं गंगापूर रोडचं लॉन्सही दक्षिणेला, आणि मुलीचं पिंपळगाव उत्तरेला. पंचवटीत राहणाऱ्याला एक नियम आणि पूल ओलांडला की दुसरा, असं हे आपलं गाव. शिवाय यंदाचा गुरू सिंहेत सलग बसणारही नाही. वक्री होऊन तो जानेवारी २०२७ च्या अखेरीस कर्केत परततो आणि जूनच्या अखेरीस पुन्हा सिंहेत येतो. त्या पाच महिन्यांत मुहूर्त धरायचे का, दक्षिण तीराचा आधार घ्यायचा का, हे तुमच्या घरच्या गुरुजींना पंचांग पुढ्यात ठेवून विचारा. 'आता नाही तर थेट २०२८' हे त्यांनी सांगितलंय, की चहाच्या टेबलावर कुणीतरी बोललं आणि घरानं धरून ठेवलं, हेही एकदा नीट तपासा. मी गुरुजी नाही, आणि तुमच्या आईची श्रद्धा मोडीत काढायची मला इच्छाही नाही. श्रद्धा पाळायची तर ती पूर्ण माहितीनिशी पाळावी, एवढंच माझं म्हणणं.

अधिक मास सरल्यावर, आषाढीच्या आधी, महिन्याभराचा पट्टा आहे हेही विसरू नका. मे नाही तर सगळंच गेलं असं मुळीच नाही. आणि नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं झालं, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार आधी नोटीस देऊन तीस दिवस थांबावंच लागतं. उतावळ्या नवऱ्याचा बंदोबस्त सरकारनंही करून ठेवला आहे.

या सगळ्यात तुम्ही एक गोष्ट धरून चाललात, ती मला सर्वांत जास्त खटकली. तिनं वेळ मागितला, म्हणजे ती टाळते आहे, असं तुम्ही मानलंत. पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण 'एकदाचा मोकळा होऊ' या शब्दांत ते आहे. मुलगी बँकेत आहे. बँकेतल्या माणसाला फेब्रुवारी-मार्चमध्ये आयुष्याचा निर्णय विचारून बघा. मार्च एंडिंग म्हणजे काय, ते अंबडच्या कंपनीत काम करणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याकडेही त्या महिन्यात डिस्पॅचची पळापळ असेल. ती 'मार्चनंतर' म्हणाली ते कॅलेंडर बघून म्हणाली, तोंडाला पानं पुसायला नव्हे.

आणि वडील. 'हंगाम उरकू द्या' हे वाक्य शहरात वाढलेल्या कानाला टोलवाटोलवी वाटतं. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला विचारा. ऑक्टोबर छाटणीपासून जिवाच्या करारानं सांभाळलेली बाग जानेवारी ते एप्रिल या काळात काढणीला येते. आंबा कच्चा उतरवला तरी अढीत पिकतो. द्राक्ष वेलीवरून एकदा खुडलं की त्यात पुढं गोडी उतरत नाही. म्हणून रोज मणी फोडून साखर मोजायची, व्यापाऱ्याशी भाव ठरवायचा, माणसं गोळा करायची, आणि मधेच आभाळ भरून आलं की रात्रभर डोळा लागत नाही, कारण तयार बागेवर अवकाळी पडला तर मणी तडकतात आणि वर्षाची कमाई मातीत जाते. अशा दिवसांत त्या बापानं सोफ्यावर बसून लग्नाच्या याद्या करायच्या?

त्याहून नाजूक एक बाजू आहे. माल गेला म्हणजे पैसे आले असं नसतं. व्यापाऱ्याकडून हिशोब पुरा होईपर्यंत कितीतरी बागाईतदारांचा जीव टांगणीला असतो. मुलीच्या लग्नाला किती खर्च पेलेल, हे त्या घराला एप्रिलपर्यंत कळतच नाही. 'बसून बोलू' या दोन शब्दांत हे सगळं होतं, असं मला वाटतं. कुठलाही बाप होणाऱ्या जावयाला हे तोंड उघडून सांगणार नाही. आणि त्याच वेळी त्यांना कळतं की मुलाकडच्यांनी गंगापूर रोडला लॉन्स ठरवलंय. त्या लॉन्सचा आकडा ऐकून त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा विचार करा. मुलगी गप्प झाली, तेव्हा ती फक्त स्वतःपुरती गप्प झाली नसेल.

आता तुमचे दोन पर्याय. माफी मागून गप्प बसणं, किंवा होकार-नकार मागून मोकळं होणं. दुसरा आधी निकालात काढते. तो तुम्हाला धीट वाटतोय, पण ते दुसऱ्या गुडघ्याला बांधलेलं बाशिंग आहे. तिनं मार्चनंतर सांगते म्हटलंय आणि तुम्ही फेब्रुवारीत उत्तर मागणार. म्हणजे तारीख तुम्ही ठरवली होती, आता तिच्या विचाराची मुदतही तुम्हीच ठरवणार. दबावाखाली माणूस बहुतेक 'नाही'च म्हणतो, कारण ते सुरक्षित असतं. आणि दबावाखाली आलेला होकार नकारापेक्षा महाग पडतो.

पहिला पर्याय अर्धा बरोबर आहे. माफी मागा, पण नुसती मागून उपयोग नाही. आधी तारीख सोडा, मग माफी मागा. पावती खिशात ठेवून मागितलेली माफी लगेच ओळखू येते.

लॉन्सचं काम तसं सोपं आहे. पावतीच्या मागं बारीक अक्षरात अटी असतात, त्या वाचा. मग मॅनेजरला प्रत्यक्ष भेटा, फोनवर बोलू नका. ज्या तारखांच्या टंचाईनं तुम्हाला पळवलं, तीच टंचाई आता तुमच्या कामाची आहे: मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली मोकळी तारीख त्याच्याकडे पडून राहणार नाही. दुसरं गिऱ्हाईक लागलं की पैसे परत द्या, किंवा कापून द्या, किंवा पुढच्या कुठल्या कार्यासाठी जमा धरा, असं बोला आणि जे ठरेल ते लिहून घ्या. काही रक्कम बुडाली तर बुडाली. 'पैसे अडकलेत म्हणून लग्न मे महिन्यातच' हा विचार मनात आला, तर तो तिथंच मोडून टाका. पन्नास हजारांसाठी कुणी बायको करत नाही.

मग तिला एकच मेसेज. आईनं, मामींनी किंवा मध्यस्थानं नव्हे, तुम्ही करायचा. साधारण असा: "हॉल मी तुम्हाला न विचारता ठरवला, ते चुकलं. तारीख सोडली आहे. मार्च एंडिंगच्या गडबडीत उत्तराचा विचार करू नका. एप्रिलमध्ये वाटलं तर भेटू. नको वाटलं तर तेही मोकळेपणानं सांगा." बस. यात 'पण' नको, 'घरच्यांमुळे' नको, सिंहस्थ नको, मामा नकोत. पाठवल्यावर निळ्या खुणा मोजत बसू नका. तिचं उत्तर नुसतं 'ओके' आलं तर त्या दोन अक्षरांचा अर्थ मित्रांच्या ग्रुपवर विचारू नका. तो ग्रुप आधीच बराच महागात पडला आहे; तिथं 'तारीख ठरलेली नाही, घाईत टाकलं' एवढं लिहा आणि विषय बंद करा.

तिच्या मेसेजमध्ये आशेला जागा आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात ते असणारच. थोडी आहे, असं मला दिसतं. ठरवून जमवायच्या लग्नात ज्यांना नको असतं ते भांडत नाहीत. 'पत्रिका जमत नाही' असा मध्यस्थाकरवी निरोप येतो आणि प्रकरण मिटतं. 'मला विचारलं नाहीत' असं जी स्वतः लिहिते, तिला विचारलं जाण्याची अपेक्षा होती. आता एवढ्या सुतावरून लगेच स्वर्ग गाठू नका. तिचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, आणि आलं तर ते तुमच्या लॉन्समुळेच आलं असं मानायचंही कारण नाही.

संस्कृतात घाईबद्दल एक प्रसिद्ध वचन आहे. भारवी कवीच्या 'किरातार्जुनीय' या महाकाव्यात भीम लगेच युद्धाला निघायची भाषा करतो, तेव्हा युधिष्ठिर त्याला म्हणतो, 'सहसा विदधीत न क्रियाम्', विचार न करता एकदम काही करू नये. हा अर्धाच भाग शाळेच्या फळ्यांवर लिहिला जातो. पुढचा भाग तुमच्यासाठी जास्त कामाचा आहे: जो विचारपूर्वक वागतो त्याला संपदा आपण होऊन वरते. भारवीनं क्रियापद नेमकं 'वृणते' घेतलंय. माळ तिच्या हातात आहे.

आता समोरचं पारडंही बघू, कारण घाईची भीती घातली की माणसं उलट्या टोकाला जातात. तुमच्या वडिलांनी 'शुभस्य शीघ्रम्' म्हटलं असेल तर तेही खोटं नाही. आपल्याकडे 'नमनाला घडाभर तेल' अशीही म्हण आहे. रात्रीचे खेळ मशाली-दिव्यांच्या उजेडात व्हायचे, तेव्हा नमनातच सगळं तेल जळलं तर खेळ कशाच्या उजेडात दाखवणार? पाच-पाच वर्षं स्थळं बघत, प्रत्येक वेळी 'अजून एक बघू' म्हणत बसलेली घरंही माझ्याकडे पत्रं पाठवतात. तुमचा प्रकार तो नाही. पण उद्या तिनं होकार दिला आणि तुम्ही या प्रसंगाला भिऊन प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणू लागलात, तर तीही वैतागेल. तुमच्या हातचं काम झपाट्यानं करा. लॉन्सच्या मॅनेजरकडे उद्याच जा.

नवरदेवांच्या घाईचा विषय निघालाच आहे तर, आपल्याच गावच्या टाकळीत समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते, आणि ते इथं आले ते 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून. लग्नातून पळण्याची एवढी घाई दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे बोहल्याकडे धावलेला आणि बोहल्यावरून धावलेला, दोघांनाही नाशिकनं ठेवून घेतलंय.

तुमच्यासारखीच, पण लग्नाची नसलेली पत्रंही सध्या बरीच येताहेत, म्हणून त्या वाचकांसाठी दोन शब्द. ऑफर लेटर हातात नसताना, एचआरच्या 'जवळजवळ फायनल आहे' या फोनवर राजीनामा देऊन बसलेल्यांना 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण जास्त लागू पडते: तूर अजून बाजारात, आणि घरात वरणावरून मारामारी. पत्र हातात येऊ द्या, त्यावरचा पगार आणि रुजू होण्याची तारीख वाचा, मग राजीनामा लिहा. कुंभाच्या निमित्तानं नाशकातल्या जागांचे भाव चढणार या ऐकीव माहितीवर प्लॉटला विसार द्यायला निघालेल्यांनी सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा आदेश आधी स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावा. 'आज टोकन नाही दिलं तर उद्या दुसरा घेऊन जाईल' हे वाक्य विकणारा प्रत्येकालाच ऐकवतो. आणि मुलीकडच्या पालकांना: तुम्हाला वेळ हवा असेल तर किती आणि कशासाठी, ते शक्य तेवढं सांगा. 'बघू', 'कळवतो' या शब्दांवर समोरचं घर काय काय उभं करतं, ते वर वाचलंतच.

तुमच्याकडे परत येते. मधल्या दोन महिन्यांत आईला एकच काम द्या, गुरुजींकडे जाऊन पंचांगाचं ते नीट विचारून घेण्याचं. त्यांची काळजी कामाला लागेल आणि घरातली कुजबुज थांबेल. मामांना वेगळं भेटा. तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला सांगा, पण त्यांच्याशी भांडू नका.

आणि एप्रिलमध्ये भेट ठरली, तर ती पिंपळगावला होऊ द्या, कॉलेज रोडला नको. तिच्या वडिलांना यंदा बाग कशी गेली ते विचारा, भाव काय मिळाला ते विचारू नका; सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. तिच्याशी बोलताना नोकरी कुठं करायची, लग्नानंतर पिंपळगावच्या शाखेत रोज जाणं जमेल का बदली घ्यायची, घर आईवडिलांसोबत की वेगळं, तिच्या पगारातून माहेरी काही द्यायचं असेल तर काय, हे बोला. पहिल्या भेटीत यातलं काहीच निघालं नव्हतं, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. लग्न किती माणसांत आणि कुठं, हे तिला आधी बोलू द्या. खर्चाचं मात्र तुमच्या बाजूनं आधी निघालं पाहिजे: दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा, आणि तोही दोघांना झेपेल एवढाच.